मुराळ्याचं जेवण

धुळ्याच्या कॉलेजात मी इतिहास शिकवते. युरोपातले सरदार शिकवायला आले की दरवर्षी फळ्यावर एक घोडा काढते. तो हमखास गाढवासारखा दिसतो, पोरं हसतात, पण मुद्दा ध्यानात राहतो. शिव्हलरी, म्हणजे सरदारांचं दाक्षिण्य, हा शब्द मुळात घोड्यावरून आला. घोडेस्वार शिरजोर झाले, लोकांची पिकं तुडवू लागले, तेव्हा त्यांना वेसण घालायला नियम झाले. निःशस्त्र माणसावर हात टाकायचा नाही, बाईच्या वाटेला जायचं नाही. त्यावर प्रेमाबिमाचा, एखाद्या बाईसाठी झुरण्याचा मुलामा चढला तो मागाहून. यंदा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्या बाईला काय हवं होतं?" तेवढ्यात तास संपला.

त्याच आठवड्यात सासूबाईंच्या भावाला, आमच्या दादांना, डॉक्टरांनी दवाखान्यातून घरी पाठवलं. आता काही उरलं नाही म्हणाले. दादांचं गाव पारोळ्याजवळ, धुळ्याहून तासाभराचं. त्यांच्या मुलाचा फोन आला, "वहिनी, मला इथून हलता येत नाही, आत्याला घेऊन या."

सासूबाई जागच्या हलेनात. सासुरवाशीण माहेरी जायची तर तिकडून कुणीतरी न्यायला यायला हवं. त्याला मुराळी म्हणायचं. लग्न झाल्यापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दादा मुराळी होऊन येत, आधी बैलगाडीनं, मग एसटीनं, मग मोटारसायकलवर.

"बिगरमुराळीनी मी कधी गऊ नही," त्या म्हणाल्या.

"आई, मी गाडीनं सोडतो ना," माझा नवरा म्हणाला.

"सोडाले? मी काय पोतं शे?"

माझं डोकं तापलं. माझं माहेर असोदा गावात. मनात आलं की मी बस धरते आणि जाते, कुणी न्यायला येईल म्हणून अडून बसत नाही. इथे माणूस चाललाय आणि ही मानापानाची गोष्ट! पण रात्री त्या फडताळातली ठेवणीतली पातळं काढून घड्या मोडत होत्या, पुन्हा घालत होत्या. तेव्हा कळलं, त्यांना जायचं होतं, जीव तुटत होता. फक्त ज्यानं बोलवायचं, त्यानंच बोलवावं एवढं हवं होतं.

सकाळी कॉलेजात रजा कळवली आणि गाडी घेऊन एकटीच निघाले. दादा खाटेवर पडून होते, आवाज अगदी खोल गेलेला. मी सगळं सांगितलं. त्यांना हसू आल्यासारखं झालं. माझं मनगट धरून म्हणाले, "मंग तूच जा. तिले सांग, दादानी धाडं."

मी तशीच उलटी फिरले. महामार्गावर ट्रकामागून ट्रक, मला एकही ट्रक मागे टाकता येईना, आणि स्वतःशीच शिव्या देत मी घरी पोचले.

"दादांनी पाठवलंय," मी दारातूनच सांगितलं. "चला."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "खरंच धाडं?"

"खरंच. चला लवकर."

"बस. मुराळी उपाशी जात नही."

आणि त्यांनी बट्ट्यांचं पीठ मळायला घेतलं. मी चहा पुरे म्हणाले, बिस्किटं पुरे म्हणाले, गाडीत खाते म्हणाले. या घरात इतकी वर्षं मीच वाढत आले, त्या दिवशी मला पाटावर बसवलं. वरण उकळत होतं, बट्ट्या तळल्या जात होत्या, माझा फोन दोनदा वाजून बंद झाला. मला ओरडावंसं वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि घास गिळत राहिले. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तूप वाढताना हात सैल सुटला होता.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दादांचा श्वास चालू होता, डोळे मिटलेले. त्यांचा मुलगा हळूच म्हणाला, "आत्या, आत्तेलोंग दारकडे देखी ऱ्हायंतात."

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. दादांचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दादा, तुना मुराळीले जेवाडीसन उनू मी."

दादांनी डोळे उघडले नाहीत. सासूबाई त्यांच्या कानाशी वाकल्या, आणि मुराळ्याला जेवू घालून आल्याचं पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.