भोपळ्याचं चारित्र्य

पुण्यात दुसऱ्याच्या चारित्र्याची काळजी करणारी माणसं घरोघरी सापडतील. पण भोपळ्याच्या चारित्र्यावरून शेजाऱ्यांशी बोलणं टाकणारा माणूस एकच, कोथरूडला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधले आबा. मूळचे हिंजवडीचे. शेतात कंपन्या उभ्या राहिल्या, आबा फ्लॅटमध्ये आले आणि येताना आईने राखेत जपलेलं तांबड्या भोपळ्याचं बी डब्यातून घेऊन आले. तेवढा डबा सोडला तर त्यांना जगात कशाबद्दलच आदर नव्हता. सोसायटीच्या चेअरमनांना ते "लॉनवाले" म्हणत. माझे गुलाब बघून "याची भाजी कशी करता?" असं भर गेटवर विचारत. तळमजल्यावरच्या बाईंनी बाजारातल्या पाकिटातला भोपळा लावला, तेव्हा तर आबा थेट त्यांच्या दारात. "तुमच्या भोपळ्याला आवरा. मधमाश्या त्याचे पराग आमच्या वेलावर आणतात. उद्या बी कुणाचं म्हणून सांगू?" बाईंनी दार लावून घेतलं. तेव्हापासून अबोला. आबा रोज संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्यांवर जुने मोजे चढवून ते दोऱ्याने बांधत, आणि पहाटे माश्या यायच्या आत नराचं फूल मादीवर फिरवून तिला पुन्हा मोजा घालत. सोसायटीत कुणाचा मोजा हरवला की लोक आधी मागच्या भिंतीवरचा आबांचा वेल बघून येत.

एका वर्षी डब्यातलं उरलेलं सगळं बी पेरलं, त्यातलं एकच रुजलं. मादी फुलं यायची आणि गळून जायची. शेवटची कळी उमलायला आली आणि आबा जिन्यात पाय मोडून बसले. एरवी माझ्यापेक्षा शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या दिवशी म्हणाला, "हे फूल गेलं तर आईचा भोपळा संपला, साहेब. डब्यात आता नुसती राख हाय."

संध्याकाळी मी मोजे बांधले. सकाळी मी स्टुलावर, आबा वर गॅलरीत, आणि त्यांच्या सूचना साऱ्या सोसायटीला ऐकू जात होत्या. "आधी नराच्या पाकळ्या काढा! हळू! पोस्टात शिक्के मारताय काय?" दूधवाला थांबला. चेअरमन तोंडात ब्रश धरून उभे राहिले. स्टूल डगमगायला लागलं तेव्हा ते घट्ट धरलं तळमजल्यावरच्या बाईंनी.

भोपळा धरला, चांगला पिकला. जो माणूस कुणाला शिडी द्यायचा नाही, त्याने सगळं बी घरोघरी वाटलं, अगदी बाईंनासुद्धा. "एकाच घरात ठेवलेलं एक दिवस संपतं," म्हणाले. गराची भाजी आमच्याकडे झाली, आबांनी सांगितली तशीच. पहिला घास ते बराच वेळ चावत राहिले.

"आईच्या भाजीसारखी नाही लागत."

माझ्या बायकोचा चेहरा उतरला.

"तुझं काही चुकलं नाही, पोरी. भोपळा तोच हाय. मला आपलं इतकी वर्षं वाटत होतं, चव भोपळ्याची हाय."

आबांनी वाटी पुढे केली आणि आणखी भाजी मागून घेतली.