तिचे हात मोजले आणि भीती वाटली

मित्रांनो, आज सकाळी मारुतीला नमस्कार करून मी आमच्या कॉलेजचं बास्केटबॉल मैदान उघडलं. शनिवारी इंदापूरला सामना आहे. त्यासाठी मुलींच्या संघात बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडू निवडायच्या होत्या.

सांगवीची एक मुलगी सगळ्यांत उंच. नाव लिहीत नाही. शिंप्याच्या टेपने तिचे पसरलेले हात मोजले, तर ते उंचीपेक्षा चांगलेच लांब भरले. बोटंही लांबसडक. मी खूश झालो. असे हात असले की उडालेला चेंडू आपलाच!

तासाभराने चेंडूसाठी उडी मारून ती खाली आली आणि छाती दाबून बसली.

"काय न्हाय सर, कळ आली जरा. मागंबी आलती."

एका शिबिरात डॉक्टर म्हणाले होते, फार लांब हात, लांबसडक बोटं आणि छातीत कळ असं एकत्र दिसलं, तर आधी हृदय तपासून घ्या. मी मात्र सकाळी ते हात पाहून खूश झालो होतो.

"तपासणी होईपर्यंत खेळायचं नाही," मी म्हणालो.

ती रडायला लागली. "उंच हाय म्हणून घेतलं, आता उंच हाय म्हणूनच काढताय व्हय?"

मी तिच्या वडिलांना फोन लावला.

आता ती आणि तिचे वडील डॉक्टरांच्या खोलीत आहेत. मी बाहेर बाकावर रामनाम घेतोय. माझी भीती खोटी ठरली तर तिची संधी उगाच जाईल. खरी ठरली तर? तुम्ही काय केलं असतं?

इंदापूरला आजच पाठवायच्या यादीतून तिचं नाव मी आत्ताच काढलं.