कुर्लीच्या वजनाचा पॉवर सप्लाय

जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय जळला, म्हणून नवा घ्यायला मी मालवणहून कणकवलीला गेले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं, त्यामुळे दुकानदाराला बोलूच दिलं नाही. ज्याच्यावर वॅटचा आकडा मोठा, तोच स्वस्तातला पॉवर सप्लाय हवा म्हणून हटून बसले.

त्याने वाद घातला नाही. "बाई, बाजारात कुर्ल्यो घेताना तुमी काय बघतास?"

"वजन," मी तोऱ्यात म्हटलं. "हलक्या खेकड्यात मांस नसतं."

त्याने तो आणि लहान आकड्याचा एक महाग, असे दोन पॉवर सप्लाय माझ्या हातांत दिले. मोठ्या आकड्याचा अगदीच हलका होता. मी जड होता तोच घेतला.

कॉम्प्युटर अजून चालतोय. पण उपकार मानते ते वेगळ्याच गोष्टीचे. त्याने उत्तर माझ्याच तोंडून वदवून घेतलं. मला वर्गात हे कधी जमलं नव्हतं.