नवं झाकण

जालना रोडवर चिकलठाण्याच्या अलीकडे आता मोटारींच्या काचेच्या शोरूम झाल्या आहेत. तिथं पूर्वी पत्र्याच्या टपऱ्यांची रांग होती, आणि त्या रांगेत कडूबाचं दुकान ओळखायला पाटी लागत नसे. दारात सिमेंटचा हौद, हौदात काळपट पाणी, आणि त्या पाण्यावर वाकून बसलेला एक किडकिडीत माणूस. रेडिएटरमध्ये हवा भरायची, तो हौदात बुडवायचा आणि बुडबुडा कुठून येतो ते बघायचं, हा त्याचा धंदा. बुडबुडा दिसला की गिऱ्हाइकाचं तोंड पडायचं आणि कडूबाचं खुलायचं. दुसऱ्याची गळती बघून इतका खूश होणारा माणूस अख्ख्या शहरात दुसरा नसेल.

तसा तो मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. गाव दौलताबादच्या पलीकडं. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला. उरलेली अकरा मेंढरं थोरल्या भावानं, सोनाजीनं, बाजारात नेली आणि आलेल्या पैशात धाकट्याला शहरात खोली घेऊन दिली, रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या फकिरा उस्तादाच्या हाताखाली डाग द्यायला, म्हणजे फुटकं पितळ कथलानं सांधायला, बसवलं. स्वतः मात्र दोन वर्षं खडीच्या ट्रकवर हमाली करत करत ड्रायव्हिंग शिकला. आईबाप लहानपणीच गेले होते, त्यामुळं कडूबाला दादा म्हणजेच सगळं काही होतं. हे तो कधी बोलून दाखवायचा नाही. त्यांच्यात तशी रीतच नव्हती. भावानं भावाला जेवलास का विचारलं म्हणजे झालं.

पुढं सोनाजीनं लिलावातली एक जुनी जीप घेतली आणि औरंगाबाद ते खुलताबाद अशी सवारी सुरू केली. नऊ माणसांच्या जागेत सोळा माणसं, शिवाय कोंबड्या. दौलताबादचा घाट चढताना ती जीप अशी धापा टाकायची की आतल्या म्हाताऱ्या हात जोडून बसायच्या.

कडूबाच्या तोंडी गाडीतल्या प्रत्येक वस्तूचं आयुष्य असायचं. रबरी नळी दोन उन्हाळे, फार तर तीन. पंख्याचा पट्टा तेवढाच. पाण्याचा पंप पाच-सहा वर्षं, तेही त्यात बोअरचं खारं पाणी ओतलं नाही तर. पितळी रेडिएटर दहा वर्षं. किमतीही पाठ. नळी स्वस्त, पंप महाग, आणि जीपचा नवा रेडिएटर म्हणजे अर्धी म्हैस. पण बदला म्हटलं की गिऱ्हाईक एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करायचं. "अजून एक डाग मार ना कडूबा, एवढा उन्हाळा निघू दे." मग कडूबा डाग मारायचा.

दहा डाग पडलेल्या रेडिएटरला आतल्या वाफेचा जोर सोसत नाही. पुन्हा शिवण उसवते. त्यावर या लोकांनी एक तोड काढली होती. रेडिएटरच्या झाकणात एक स्प्रिंग आणि रबराची चकती असते, ती वाफ दाबून धरते. ती दोन्ही काढून टाकायची. याला ते मोकळं झाकण म्हणत. मोकळ्या झाकणातून वाफ निघून जाते, जोर येत नाही, डाग टिकतो. पाणी मात्र लवकर आटतं, म्हणून ड्रायव्हर जवळ पाण्याचा डबा ठेवतो आणि घाट चढला की थांबून पाणी ओततो. मोकळं झाकण गरम गाडीवरही नुसतं गमछा धरून उघडता येतं. चांगलं झाकण तसं उघडलं, तर उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. कंपनीचा माणूस हे ऐकून कपाळावर हात मारील. पण या रस्त्यावरच्या निम्म्या जीप अशाच पळत होत्या, आणि सोनाजीची तर अकरा वर्षं पळत होती. घाट संपला की तो उतरायचा, बॉनेट उचलायचा, झाकण फिरवायचा, डबा ओतायचा. गाडी तापलेली असो नसो. झोपेतही केलं असतं त्यानं.

एका चैत्रात कडूबाच्या मनानं घेतलं की दादाची जीप आता नीट करायची. सहा महिने त्यानं बायकोच्याही नकळत पैसे बाजूला टाकले होते. मोंढ्याजवळच्या दुकानातून नवा रेडिएटर आणला, दोन्ही नळ्या, पट्टा, पंप, सगळं नवं. एक दिवस सकाळी सोनाजीला म्हणाला, "दादा, गाडी इथं लाव अन् तू च्या पिऊन ये."

सोनाजी चहा पिऊन, दाढी करून, दोन ओळखीच्यांना भेटून आला तेव्हा जीपच्या तोंडात नवा रेडिएटर चकाकत होता. त्यानं त्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "येडा हायेस का रं? एवढं कामून केलं?"

"आता धा वर्षं बघू नको त्याच्याकडं," कडूबा म्हणाला. मग त्यानं नळी दाखवली, पट्टा दाखवला, पंप दाखवला. एकेकाचं आयुष्य सांगितलं. आनंदानं त्याची जीभ सुटली होती. तेवढ्यात स्टँडवर नंबर लावायची वेळ झाली, सोनाजी चाक धरून बसला आणि गेला.

एकच गोष्ट सांगायची राहिली. नव्या रेडिएटरवर कडूबानं नवं झाकण बसवलं होतं. स्प्रिंगचं, रबराचं, वाफ दाबून धरणारं. अख्ख्या कामातली ती सगळ्यात स्वस्त वस्तू. पंचवीस रुपयांची.

विसरला असता तर एक वेळ समजलं असतं. पण दुपारी भाकरी सोडायला बसला तेव्हा कडूबाला आठवलं होतं. घास तसाच हातात राहिला. सोनाजीची सकाळची फेरी बुडाली होती, त्या दिवशीची पहिलीच फेरी अडीचला स्टँडवरून सुटायची होती. सायकल काढली असती तर अर्ध्या तासात गाठला असता. हौदात एका ट्रकचा रेडिएटर बुडवलेला होता, ट्रकवाला डोक्यावर बसला होता. कडूबानं मनाशी म्हटलं, नवा रेडिएटर आहे, गाडी तापायचीच नाही, दादा झाकण उघडील कशाला? संध्याकाळी सांगू. आणि त्यानं घास तोंडात घातला.

सोनाजीनं झाकण उघडलं. घाट चढल्यावर, नेहमीच्या जागी, नेहमीसारखं.

सवाऱ्यांनी त्याला दुसऱ्या जीपमध्ये घालून शहरात आणलं. चेहरा सोलून निघाला होता. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. दोन महिन्यांनी पट्ट्या सुटल्या तेव्हा उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं आणि डाव्यानं फक्त उजेड आहे की नाही एवढं कळत होतं. सोनाजी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो एकच सांगायचा, "माझीच घाई नडली. गाडी गार व्हायच्या आधी हात घातला." कडूबा उशाशी बसलेला असायचा. खाली मान घालून ऐकायचा. लोक त्याच्याकडं बघून म्हणायचे, भाऊ असावा तर असा, दवाखाना सोडून हलत नाही. तेव्हा त्याला जमीन फाटून आत घेईल तर बरं असं वाटायचं.

जीप विकली. सोनाजी आणि त्याची बायको दगडाबाई कडूबाच्या शेजारच्या खोलीत राहायला आली. मूलबाळ नव्हतं. दोघांचं अन्नपाणी कडूबा बघायचा, आणि त्यात त्यानं कधी कुचराई केली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

मग सोनाजी दुकानात यायला लागला. दगडाबाई सकाळी त्याचा हात धरून आणायची, बाकावर बसवायची, संध्याकाळी परत न्यायची. कडूबाला वाटायचं, घरात बसून जीव उबत असेल. सोनाजी बाकावर बसून गाड्यांचे आवाज ऐकायचा, कुठल्या जीपचा पट्टा सैल आहे ते अचूक सांगायचा. आणि मधूनच विचारायचा, "कडूबा, झाकणाचं आयुष्य किती रं असतं?"

"दोन-तीन वर्षं."

"मंग रबर जातं व्हय त्याचं?"

"व्हय. पण नळी आधी जाती, दादा. नळी लई कच्ची येती आजकाल." आणि कडूबा नळीवर जे सुरू व्हायचा ते थांबायचाच नाही. नळीची जाडी, नळीचं कापड, कानपूरची नळी, पुण्याची नळी. सोनाजी मान हलवत ऐकून घ्यायचा.

कडूबानं मोकळ्या झाकणाचं काम कायमचं बंद केलं. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल म्हणाला. नवं झाकण बसवलं की त्याला लाल रंग फासायचा आणि ड्रायव्हरचा दंड धरून सांगायचा, "नवं झाकण हाय. गाडी गार झाल्याबिगर हात लावायचा नाय. काय सांगितलं?" ड्रायव्हरकडून ते म्हणवून घ्यायचा, मगच सोडायचा. ड्रायव्हर हसायचे. लाल रंग नजर लागू नये म्हणून असतो असंही कुणीतरी उठवलं होतं. बाकावरून सोनाजी हे सगळं रोज ऐकत होता.

एकदाच कडूबानं धीर केला. श्रावण होता, दुकानात कुणी नव्हतं. तो भावासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "दादा, ते झाकण..."

सोनाजी झटकन पुढं सरकला. "बोल. बोल की."

कडूबानं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ती आवळलेली गुलाबी कातडी, ते पांढरे डोळे. "ते झाकणं संपले दुकानातले," तो म्हणाला. "उद्या आणाया पाह्यजेत."

"आण मंग," सोनाजी म्हणाला आणि मागं टेकून बसला.

अशी सात वर्षं गेली. कडूबा रोज ठरवायचा आणि रोज उद्यावर टाकायचा. दादा आपल्याला सोडून जाईल ही एक भीती. त्याहून मोठी भीती अशी, की दादा रागावणारच नाही, जाऊ दे म्हणेल. ते त्याला सोसलं नसतं. भित्रा म्हणा, पण माणूस भित्रा होतो तो जीव अडकला असेल तिथंच.

सातव्या वर्षी थंडीत सोनाजीच्या छातीत कफ भरला आणि चार दिवसांत तो गेला. तेरावा झाला, पाहुणे पांगले. कडूबा दोन दिवस दुकान उघडून नुसता बसून राहिला. तिसऱ्या दिवशी उठला आणि वहिनीच्या खोलीत गेला. दगडाबाई सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती. तो उंबऱ्यापाशी बसला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. झाकण, भाकर, हातातला घास, ट्रकवाला, सायकल. सांगताना तो रडत होता आणि बाहीनं नाक पुसत होता.

दगडाबाईचा हात थांबला नाही. ज्वारी निवडतच ती म्हणाली, "त्यांना ठावं व्हतं, भावजी."

कडूबानं वर पाहिलं.

"झाकण हाताला घट्ट लागलं म्हणे. तवाच कळलं का नवं हाय म्हणून. पर हात फिरून गेल्ता."

"मंग... मला बोलला का नाय? सात वर्सं?"

"म्या म्हणलं व्हतं, तुमीच इचारा. तर म्हणले, नाय, मी इचारलं तर त्याला मेल्याहून मेलं व्हईल. त्याचा तो सांगल." तिनं सुपातला एक खडा उचलून दाराबाहेर टाकला. "दुकानात कामून येत व्हते वाटतं तुमाला? आंधळ्या माणसाला काय बघायचं व्हतं तिथं? रोज संध्याकाळी हात धरून घरी आणताना मी इचारायची, बोलले का भावजी? म्हणायचे, आज नाय बोलला. उद्या परत नेऊन सोड मला."