बाईंचं कापड

“मला काय विचारतोस? पाठीला विचार.”

सहलीला निघताना कुणी विचारलं, “बाई, स्वेटर घेऊ का?” की हेच उत्तर. “टॉर्चचे जास्तीचे सेल घेऊ का?” “पाठीला विचार.” आणि मग स्वतःच पुढे होऊन आमची पिशवी छत्रीच्या मुठीला अडकवून उचलायच्या. छत्री वाकली की पिशवी रिकामी करायला लावायच्या, तिथेच, स्वारगेटच्या स्टँडवर, लोकांच्या देखत.

तुम्हीही कॉलेजात अशा एखाद्या बाई पाहिल्या असतील. बुटक्या, सुती साडी कमरेला घट्ट खोचलेली, पायात मुलांचे कॅनव्हासचे बूट. आम्हाला त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वर्गात त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जेमतेम पोचायचा, पण डोंगरात गेल्या की मागे राहिलेल्यालाही स्पष्ट ऐकू यायचा. वनस्पतींचं जाडजूड पुस्तक त्यांनी बाइंडरकडून उकलून घेऊन त्याचे भाग पाडले होते. जिथे जायचं तिथल्या झाडांचा भाग तेवढा बरोबर. आमच्या आयांनी दिलेले पितळी डबे त्या जप्त करून बस स्टँडवरच्या ओळखीच्या पानवाल्याकडे ठेवायच्या आणि भाकऱ्या फडक्यात बांधून परत द्यायच्या. “आईनं भाकरी दिली, ती घे. डबा येताना घे.”

मी घोटावड्याचा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत पानं दाबून ठेवलेले कागद घरी नेले, तेव्हा आई बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “गवात गोळा कराया पुन्याला कशाला जातुयास? हितं बांधावर लई हाय.” मी बाईंना ते सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बांधावरचं आणलंस का?” पुढच्या खेपेला मी आणलं. त्यातली एक वेल त्यांनी भिंगाखाली इतका वेळ पाहिली, की मला आमच्या बांधाचाच अभिमान वाटायला लागला.

मला तो विषय आवडत होता, हे आधी सांगायला हवं. कारण पुढे जे झालं त्यात तो सुटायची वेळ आली होती.

आमच्या सहली बहुतेक मुळशीच्या बाजूला निघायच्या. पावसाळा सरता सरता, पौडच्या पुढे कुठेतरी उतरायचं, दिवसभर डोंगर आणि धरणाचं पाणी, आणि मुक्काम गावातल्या देवळात. मुली गावातल्या एखाद्या घरी, मुलं देवळाच्या मंडपात. शहरातल्या मुलांना त्यात काही वेगळं वाटत नसे. देऊळ म्हणजे त्यांच्या लेखी फुकटची धर्मशाळा. मला मात्र ‘देवळात मुक्काम’ हे शब्दच नकोसे वाटायचे. आम्ही बौद्ध. घरी देव सोडून दिलेले, आणि त्याआधी देवळानंच आम्हाला कधी आत घेतलेलं नव्हतं. शिवाय मी त्याच तालुक्यातला. शहरातल्या मुलाला गावकरी नाव विचारून सोडून देतो. मला विचारताना तो ‘कुनाचा रं तू?’ असं विचारतो, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

पहिल्या मुक्कामाला मी मंडपात शिरलोच नाही. शाळेच्या ओसरीवर जाऊन पडलो. पावसाची झड आत येत होती. सकाळी बाईंनी माझं ओलं अंथरूण पाहिलं.

“बाहेर का झोपलास?”

“आत गुदमरतं, बाई.”

“हं,” त्या म्हणाल्या आणि माझी चादर पिळायला एक टोक हातात घेतलं.

पुण्याला आल्यावर मी ठरवलं, हा विषय सोडायचा. सहली सक्तीच्या होत्या. दर वेळी ओसरी कुठून मिळणार, आणि दर वेळी खोटं काय सांगणार? धीर करून मी बाईंच्या टेबलासमोर उभा राहिलो. “बाई, मी केमिस्ट्री घेईन म्हणतो.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. हजेरीला माझं आडनाव त्या रोज वाचत होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, “देवळात उंदीर फार झालेत. आपले टिपकागद कुरतडतात. रविवारी जुन्या बाजारात ये, आपण छपराचं कापड बघू. केमिस्ट्री काही पळून जात नाही.”

वर्गातला सुधीर म्हणाला, “उंदीर? मी तर एकही पाहिला नाही.”

“तू घोरत होतास,” बाई म्हणाल्या.

तो रविवार मी विसरणार नाही. पहिल्या दुकानदारानं मेण चढवलेली जाड ताडपत्री दाखवली. बाईंनी तिचं एक टोक पाण्यात बुडवलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. “कोरडी असताना बरी होती, आता?” मी वाकलो होतो. “म्हणजे पावसात दुप्पट ओझं. नको.” दुसऱ्यानं प्लॅस्टिकचा कागद काढला, शेतकरी इरल्यावर घालतात तसा. वजन म्हणाल तर काहीच नाही. बाईंनी तो दोन खुर्च्यांना ताणून बांधायला लावला आणि कडेला बोटानं टोचलं. चिरत गेला तो पार दुसऱ्या टोकापर्यंत.

“अहो बाई, माल फाडताय!”

“मी नाही फाडला. मी फक्त वाऱ्याचं काम केलं.”

तिसरं दुकान लष्करातून मोडीत निघालेल्या मालाचं होतं. तिथे राखाडी नायलॉनचं एक कापड निघालं. हलकं, आतून लेप दिलेलं, आणि ठरावीक अंतरावर जाड दोऱ्यांच्या उभ्या-आडव्या चौकटी विणलेलं. बाईंनी केसांतला आकडा काढून त्याला भोक पाडलं आणि दोन्ही हातांनी ओढलं. भोक पुढच्या जाड दोऱ्याशी येऊन थांबलं. बाईंचा चेहरा असा खुलला, जसा ती वेल पाहताना खुलला होता. मग कोपऱ्यांना दुहेरी ठिगळं आहेत का, कड्या गंजल्यात का, हे पाहून झालं. शेवटी कापड चौघांना धरायला लावून त्या स्वतः खाली बसल्या आणि वरून बादली ओतायला सांगितली. बाजार जमा झाला.

“काय, लगनाचा मांडव घालताय का बाई?” कुणीतरी विचारलं.

“हो. नवरा मिळाला की कळवते,” बाई खालून म्हणाल्या.

त्या कोरड्या बाहेर आल्या. कापडाची घडी माझ्या हातात दिली. मला ती एखाद्या घोंगडीपेक्षाही हलकी वाटली. त्यांनी ती माझ्या पिशवीतच ठेवायला सांगितली. “हे तू सांभाळायचं.” त्यामुळे मला पुढच्या सहलीला येणं भाग पडलं.

तो मुक्काम धरणाच्या पाण्याजवळ, एका माळावर होता. दोन झाडांमध्ये दोर ओढून आम्ही कापड ताणलं. मी तीन दगडांवर चहा ठेवला. पाऊस भुरभुरत होता. गावातले एक म्हातारबा डोक्यावर पोतं घेऊन आले. आमच्यासाठी धोतराच्या ओच्यात काकड्या आणल्या होत्या.

“बाई, देवळात या की. हितं माळाव कशाला पडताय?”

“आमचं घर आम्ही आणलंय बाबा. या, बसा.”

ते आत येऊन बसले. मी त्यांच्या हातात कप दिला. ते हौसेनं एकेकाला विचारू लागले. सुधीरनं सदाशिव पेठ सांगितली. “लांबनं आलायस की रं!” मग माझ्याकडे वळले.

“आन् तू?”

“घोटावडं.”

“व्हय? घोटावड्यात कुनाचा?”

बाई दोर घट्ट करत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण त्यांचे हात थांबलेले मला दिसले. पळून जायला ओसरी नव्हती, आणि खरं सांगायचं तर या वेळी पळावंसंही वाटलं नाही. ते छप्पर आमचं होतं, म्हातारबा आमचे पाहुणे होते. मी आडनाव सांगितलं. वर म्हणालो, “आम्ही बौद्ध.”

म्हातारबांनी कपाकडे पाहिलं. तोंडापर्यंत गेलेला नव्हता तो. हळूच खाली ठेवला. “गुरं सोडायचीत,” म्हणाले, पोतं डोक्यावर घेतलं आणि पावसात निघून गेले. माणूस वाईट नव्हता. काकड्या तिथेच ठेवून गेला.

बाई आल्या, तो भरलेला कप उचलला आणि सावकाश सगळा प्यायल्या.

“साखर कमी पडली रे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी जास्त घाल.”

पुढच्या वेळी. मी केमिस्ट्रीचं नाव पुन्हा काढलं नाही. या विषयावर बाईंनी मला कधी काही विचारलं नाही, आणि मी कधी काही सांगितलं नाही. कुणाला ते कमी वाटेल. मला ते पुरलं.

मी शेवटच्या वर्षाला असताना त्या निवृत्त होऊन भावाकडे गेल्या. नवे सर चांगले होते, उत्साही होते. त्यांनी कापड माझ्याकडून घेऊन कपाटात ठेवलं, म्हणाले, “गावात देऊळ असताना हे कशाला?” त्यांच्या पहिल्या सहलीला दुपार कलताना आम्ही गावातल्या देवळाशी पोचलो. मुलं पिशव्या घेऊन पायऱ्या चढू लागली. मी खालीच थांबलो.

“सर, मी बौद्ध आहे. मी देवळात झोपणार नाही. समोरच्या माळावर झोपतो.”

सरांनी एकदा माळाकडे पाहिलं. “बरं... बरं,” म्हणाले.

सुधीर मंडपातून परत खाली उतरला, अंथरूण काखेत. “आत उंदीर फार आहेत, सर,” म्हणाला. त्याच्यामागून आणखी दोघे आले.

माळ खडबडीत होता. आभाळ मोकळं होतं, ऊन अजून डोंगरावर होतं. आम्ही चौघे अंथरुणं घेऊन नुसते उभे होतो. कोणती जागा बरी, हे सांगायला कुणी नव्हतं. मग मी वाकलो आणि दगड वेचायला लागलो. सुधीर कुरकुरत दुसऱ्या टोकाला वाकला.