लाइन भरण्याची बेचाळीस मिनिटं

फोन सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आला. नानांचा मुलगा होता. "काका, नाना गया," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "कधी?" "पहाटे. झोपमाच." मी "बरं" म्हणालो. "बरं" का म्हणालो ते मला अजून कळलेलं नाही. त्या वेळी माझ्यासमोर आमच्या उपसा सिंचन सोसायटीचा आठवड्याचा पाणीपाळीचा तक्ता होता. त्यात त्याच दिवशी अकरापासून दोन तास सतरा मिनिटं नानांची पाळी होती. मी पेन उचललं, पण ती ओळ खोडली नाही. पंपावरच्या ऑपरेटरला फोन करून पाणी वेळेवर सोडायला सांगितलं आणि मग चपला घातल्या. आम्ही नानांना तापीकाठी पोचवून परतत होतो, तेव्हा त्यांच्या केळीत पाणी चालू होतं. आज पाच आठवडे झाले. मला रडू आलेलं नाही. बायको म्हणते, एकदा मोकळे व्हा. ते कसं व्हायचं हे मला ठाऊक नाही, म्हणून जे ठाऊक आहे ते लिहितो.

काशीनाथ नाना एकोणीस वर्षं सोसायटीचे अध्यक्ष होते आणि त्यातली चौदा वर्षं मी सचिव. नदीकाठी पंपघर, तिथून जमिनीखालून गेलेली एकच पाइपलाइन आणि तिच्यावर एकसष्ट जणांची वावरं. पंपाकडून पहिलं वावर नानांचं. वीज दिवसाला आठ तास. त्या आठ तासांची एकराप्रमाणे वाटणी करून पाळ्या लावायच्या, हे माझं काम. एका पाण्यावर एकसष्ट माणसं म्हणजे भांडणं आलीच. नाना भांडणाला घाबरत नसत. कुणी म्हणालं, "नाना, मिटवून टाका लवकर," की ते म्हणायचे, "भांडू द्या ना भो. बोलनं बंद व्हयनं का मंग माले भेव वाटस." डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू यायचं. सभेत जो सगळ्यांत मोठ्याने ओरडे त्याला ते मुद्दाम डावीकडे बसवून घेत. "आते बोल, कितला जोरमा बोलनं शे ते." ओरडणारा थोड्या वेळाने स्वतःच हसू लागे.

सात वर्षांपूर्वी मात्र हसण्यावर भागलं नाही. हिलाल हा लाइनच्या अगदी टोकाचा शेतकरी, तीन एकर केळी. त्याच्यासह टोकाकडचे चौदा जण म्हणत होते की आम्हाला पाणी कमी मिळतं. मी वही उघडून दाखवायचो. हिलाल, अडीच तास. नाना, अडीच तास. एका मिनिटाचा फरक नाही. उलट टोकाकडच्यांना ताटकळायला नको म्हणून वीज आल्याआल्या पहिली पाळी मी त्यांचीच लावत होतो. हिलाल एकदा भर चौकात म्हणाला, "सेक्रेटरी, तुन्ही वहीमा पानी येस. मन्हा वावरमा येत नही." सगळे हसले. मला ते लागलं. मी त्याला विचारलं, "तुला घड्याळ कळतं का?" हे मी बोललो होतो, म्हणून इथे लिहून ठेवतो. त्यानंतर पंधरा दिवसांत दोनदा कॉलर धरण्यापर्यंत वेळ आली. टोकाकडच्यांनी वेगळ्या सोसायटीचा अर्ज तयार केला आणि पंपाकडचे काही जण "जाऊ द्या, आपल्याला जास्त मिळेल" असं बोलू लागले. चौदा जण फुटले असते तर पाइपलाइनचा वाद कोर्टात गेला असता आणि तो सुटेपर्यंत कुणालाच पाणी मिळालं नसतं.

नानांनी सभा बोलावली नाही, दोघांना समजही दिली नाही. मला आणि हिलालला घराच्या ओट्यावर बोलावलं. चहा झाला, तोवर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "उद्या हिलाल वही लिसन पंपवर बठी. सेक्रेटरी, तू त्याना वावरमा व्हॉल्व्हवर उभा ऱ्हाय. दोन्हीजन आपली आपली येळ लिखा." मी म्हणालो, "याने काय होणार, नाना?" "माले काय माहीत? लिखीसन आना."

दुसऱ्या दिवशी आठ वाजता वीज आली. हिलालचा पंपघरातून फोन आला, "चालू कया." मी व्हॉल्व्हपाशी उभा राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मग पाइपातली हवा फुसफुसत बाहेर येऊ लागली, मधूनच ठसका लागल्यासारखा आवाज, आणि मग गढूळ पाणी. घड्याळात आठ बेचाळीस झाले होते. वीज गेली की लाइन रिकामी होते. ती रोज सकाळी पहिल्यापासून भरावी लागते, आणि पहिली पाळी टोकाकडच्यांची. म्हणजे सगळ्यांसाठी लाइन रोज तेच भरत होते, स्वतःच्या अडीच तासांतून. माझी मेहेरबानीच त्यांचं पाणी खात होती.

पण खरी गोष्ट याच्या पुढची आहे आणि ती मी सात वर्षं कुणाला सांगितली नव्हती. ती बेचाळीस मिनिटं मला नवीन नव्हती. आदल्या वर्षी त्याच व्हॉल्व्हची दुरुस्ती करून घेताना मी सहज घड्याळ पाहिलं होतं. तेव्हाही चाळीसच्या वर गेलं होतं. पण माझा तक्ता मिनिटाला मिनिट जुळत होता. ती मिनिटं त्यात कुठे बसवायची ते सुचेना. एकसष्ट जणांच्या वेळा पुन्हा मांडायच्या, मग पंपाकडचे चिडणार... मी ती बसवलीच नाहीत. आणि हिलालला घड्याळावरून बोललो ते त्यानंतर.

मग नानांनी सभा घेतली. दोन्ही वह्या मोठ्याने वाचल्या. हिलालच्या वहीत आठ, माझ्या वहीत आठ बेचाळीस. एकच गलका झाला. "सेक्रेटरीले काढा!" नाना उठले. म्हणाले, "तक्तावर सही कोनी शे? मन्ही. सात वरीस मी न देखता सही कयी. चूक मन्ही शे, सेक्रेटरीले कसाले काढतस?" मी टेबलाकडे बघत बसलो. तेव्हा उठून एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. बोललो नाही. गलका ओसरल्यावर पंपाकडचे उठले, आमचा वेळ कापायचा नाही म्हणून. नानांनी त्यांना एकच विचारलं, "लाइन कोनी शे?" "सोसायटीनी." "मंग ती भरानी येळ कोनी?" लाइन भरायचा वेळ कोणाचा, याचं उत्तर यायला दोन संध्याकाळच्या सभा लागल्या. नानांनी ते स्वतः दिलं नाही, मलाही देऊ दिलं नाही. शेवटी पंपाकडचाच एक जण चिडून ओरडला, "सगळासनी, आजून काय!" नाना म्हणाले, "लिखी ले, सेक्रेटरी." तेव्हापासून लाइन भरायचा वेळ सगळ्यांच्या पाळीतून एकराप्रमाणे जातो. अडीच तासांमागे तेरा मिनिटं. पहिल्यांदा कापली ती नानांची. हिलालने वेगळ्या सोसायटीचा अर्ज फाडला नाही, घडी करून खिशात घातला. नाना म्हणाले, "ठेव, कामे येई." तेव्हा तोही हसला.

त्या रात्री नाना मला काही बोलले नाहीत, नंतरही कधी नाही. एवढ्या माणसांतून त्यांनी मलाच त्या व्हॉल्व्हवर का उभं केलं, त्यांना काही कळलं होतं का... मी विचारलं नाही. सात वर्षं आम्ही जवळजवळ रोज भेटत होतो.

गेल्या रविवारी दुपारी नवा अध्यक्ष निवडायला सभा झाली. पंपाकडच्यांनी माझं नाव सुचवलं. अनुमोदनाला हिलाल उठला. "सेक्रेटरी तोंडना कडू शे, पन आकडा खरा ठेवस," म्हणाला. लोक हसले. मी उभा राहिलो आणि माझं नाव मागे घेतलं. मग आदल्या वर्षी पाहिलेल्या घड्याळापासून सगळं सांगितलं. चूक नानांची नव्हती, त्यांनी ती स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली, हेही सांगितलं. हिलाल म्हणाला, "म्हंजे तुले माहीत व्हतं?" मी "हो" म्हणालो. "त्या उन्हाळामा मन्हा बाराशे खोड वाळनात. आनी तू माले घड्याळ इचारस?" त्याने खांद्यावर टॉवेल टाकला आणि तो दाराकडे निघाला.

नाना अध्यक्षाच्या खुर्चीत कधी बसत नसत. दाराला लागून एक लाकडी बाक आहे, तिथे पाण्याचा माठ जवळ घेऊन बसायचे. रागाने उठून जाणाऱ्याला त्यांचे गुडघे ओलांडूनच जावं लागे. ते त्याचं मनगट धरत आणि पेला पुढे करत, "पानी पी, मंग जाय." इतिवृत्तात हिलाल सभा सोडून गेल्याच्या नऊ नोंदी आहेत, आणि नऊही वेळा पुढच्या ठरावाला तो हजर आहे. रविवारी सभेला गर्दी होती, काही जण उभे होते, तरी त्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

हिलाल बाकापाशी पोचला आणि थांबला. मनगट धरायला कुणी नव्हतं. दार उघडं होतं. त्याने एकदा बाहेर पाहिलं, मग माठातून पेला भरून घेतला, उभ्यानेच पाणी प्यायला आणि बाकावर बसला. मग म्हणाला, "लिख."

"काय लिहू?"

"आते जे बोलना ते. पुरं लिख. मंग देखूत अध्यक्ष कोन ते."

मी लिहिलं. साडेतीन पानं झाली. कुणी उठून गेलं नाही.

"वाची दाखाड," हिलाल म्हणाला.

मी वाचून दाखवलं. वाचताना दोनदा थांबावं लागलं. हिलाल खाली मान घालून ऐकत होता. वाचून संपलं तरी तो बाकावरून उठला नाही.