माझी तिसरी ओळ

भंडाऱ्यात बसून मी धान खरेदी केंद्रांचे राउटर सांभाळतो. राउटरमध्ये एक यादी असते: कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं. तो ती वरून वाचत येतो आणि लागू पडणारी पहिली ओळ सापडली की पुढचं बघतच नाही. माझा स्वभावही तसाच, उतावळा.

सानगडीकडच्या केंद्रावरून ऑपरेटर बाईंचा फोन आला. नोंदणीचा शेवटचा दिवस होता, आणि बाहेर सातबारे घेऊन रांग लागलेली. "सर, बाकी सगळं चालून राहिलं, नोंदणीचं पानच उघडून नाही राहिलं. कालपासून पाहून राहिली मी."

मी जागेवरूनच पिंग केलं, म्हणजे दार वाजवून पाहिलं. आतून ओ आली. झालं, मी तापलो. "लाइन ठीक आहे, बाई. तुम्हीच काहीतरी गडबड करून ठेवली." मागून लोक हसले, तेव्हा कळलं की फोन स्पीकरवर होता.

दुपारी नाइलाजाने स्वतः गेलो आणि यादी उघडली. तिसरी ओळ माझीच होती. या केंद्रावर व्हिडिओ बघणं बंद व्हावं म्हणून आदल्या दिवशी मी काही पत्ते सरसकट अडवले होते, त्यात नोंदणीचा पत्ताही गेला होता. पिंगला तेवढी त्या ओळीतून सूट होती. ओळीने किती वेळा अडवलं, त्याचा आकडा राउटर ठेवतो. तो शेकड्यांत होता. बाई खरंच कालपासून धडका देत होत्या.

ओळ पुसली, तसा आकडाही गेला. पान उघडलं.

"कोणी बिघडवलं होतं जी?" केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. मी वायर गुंडाळायला खाली वाकलो. "सेटिंग हललं होतं," एवढंच म्हणालो. अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. मला ते दिसलं, आणि मी वायरच गुंडाळत राहिलो. त्याची लाज अजून वाटते.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची नोंदणी झाली.

यंदा सानगडीच्या बाजारात त्याच बाई भाजी विकताना दिसल्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "सोडलं जी मी ते काम. मले कॉम्प्युटर जमतच नाही. त्या दिवशी तुम्ही आले म्हणून लोकायचं झालं, नाही तं माझ्यापायी सारे राहिले असते."

आता तरी सांगायचं होतं. त्यांनी लाखोरीच्या भाजीची एक जुडी वरून जास्तीची उचलली, आणि मी पिशवी पुढे केली.